द्वीपवासी पाली

मराठी भाषेनें पालीवर कधीं प्रेम केलेलें दिसत नाहीं. मनांत संशय आला, तर तेथें 'शंकेची पाल' चुकचुकते. महत्त्वाचें बोलणें चाललें असतां भिंतीवरची खरीखुरी पाल चुकचुकली, तर घरांतलीं वडील माणसें क्षणभर थबकतात. पंचांगांत पल्लीपतनाचें कोष्टक छापलेलें असतें. पाल कोणत्या अवयवावर पडली असतां कोणतें फळ मिळेल, हें त्यांत पाहून घ्यावें. या प्राण्याच्या विषारीपणाबद्दल घरोघर मोठी खात्री आहे. वास्तविक भारतांतील एकाहि पालीला विष नाहीं. परंतु भीति ही पुराव्यावर जगत नसते, आणि पालीची किळस तर भीतीहूनहि चिवट आहे.

नागपुरांतल्या घरांत उन्हाळ्याच्या रात्रीं दिव्याभोंवतीं जी फिकट पिंवळसर, किंचित् हिरवट छटेची पाल जमते, तिची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शास्त्रांत तिचें नांव हेमिडॅक्टिलस फ्लाविविरिडिस. उत्तरपदाचा अर्थ पिंवळी-हिरवी. हें नांव जर्मन प्रवासी व प्राणिशास्त्रज्ञ रुप्पेल यानें १८३५ मध्यें दिलें. आणि ज्या नमुन्यावरून दिलें, तो नागपूरचा नव्हता, हिंदुस्थानचाहि नव्हता. तो तांबड्या समुद्रांतील मसावा या बंदराच्या बेटावरचा होता. अरबी समुद्राच्या दोन्ही बाजूंच्या देशांत ही पाल आढळते, आणि व्यापारी गलबतांतून, मालाच्या गठ्ठ्यांतून ती इकडून तिकडे गेली असावी असें मानण्यास जागा आहे. समुद्र शेंकडों मैल दूर, 'झीरो माइल'चा दगड भर वस्तींत उभा, अशा नगरींत सुखानें राहणारा हा जीव शास्त्राच्या वहींत प्रथम चढला तो एका बेटाच्या नांवावर! घरपालीचें सारें सामर्थ्य याच गोष्टींत आहे. जेथें माणूस, जेथें भिंत, जेथें दिवा, तेथें ती राहूं शकते. नागपूर काय किंवा मसावा काय, तिला दोन्ही सारखींच.

पालींच्या विस्तृत कुळांत याच्या नेमक्या उलट प्रकृतीची एक शाखा आहे. ती बेटांवर जन्मली, बेटांवरच वाढली, आणि बेट हातचें गेलें कीं तिला दुसरी जागा उरत नाहीं. आजचें भाषण त्या शाखेविषयीं आहे.

तिचें नांव फेल्सुमा. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यानें १८२५ मध्यें ही प्रजाति वेगळी काढली आणि मुर्क व्हान फेल्सुम या डच वैद्याचें नांव तिला दिलें. आजवर या प्रजातींत पन्नासाच्या आसपास जाति नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुतेकांचा रंग केळीच्या कोंवळ्या पानासारखा हिरवा. पाठीवर तांबडे ठिपके किंवा पट्टे. कोणाची शेंपटी निळी, तर कोणाच्या मानेवर आकाशी झांक. पाल म्हणजे दिवाळीच्या झाडलोटींत केरसुणीनें हांकलावयाचा एक ओशाळवाणा, मातकट जीव, अशी ज्याची समजूत झाली आहे, त्याला हीहि पालच आहे असें सांगितल्यास तें चटकन् खरें वाटणार नाहीं.

रंगाच्या या उधळपट्टीचें मूळ तिच्या दिनचर्येंत आहे. बहुतेक पाली रात्रीं हिंडतात. त्यांच्या डोळ्यांची बाहुली मांजराच्या बाहुलीसारखी उभी असते आणि उजेडांत ती आकसून बारीक फट होऊन राहते. फेल्सुमा मात्र दिवसा हिंडते. तिची बाहुली वाटोळी असते. अंधारांत वावरणाऱ्याला मातकट रंग पुरतो. उन्हांत, पानांमध्यें राहणाऱ्याला लपण्यासाठीं हिरवा रंग हवा, आणि आपल्या जातीच्या नर-मादीला ओळख पटावी म्हणून वर भडक ठिपकेहि हवेत. बाकी पुष्कळशा गोष्टी घरपालीप्रमाणेंच. पापण्या हिलाहि नाहींत. डोळा पुसावयाचा तो जिभेनेंच. बोटांखालच्या पडद्यांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य केंस असतात, आणि त्यांच्या जोरावर ही गुळगुळीत पानाच्या खालच्या बाजूनेंहि चालत जाते. आहारांत मात्र मोठा फरक आहे. घरपाल किड्यांवर जगते. फेल्सुमा किडे खातेच, शिवाय फुलांतला मध चाटते आणि पिकल्या फळाचा रसहि घेते. या मधाची हकीकत पुढें यावयाची आहे.

या प्रजातीच्या सर्वांत अधिक जाति मादागास्कर बेटांत आहेत. त्याच्या आसपासचीं कोमोरो आणि सेशेल्स बेटें, तसेंच पूर्वेकडचीं मॉरिशस, रियुनियन व रॉड्रिग्ज हीं मस्करीन बेटें, हा तिचा बाकीचा मुख्य प्रदेश होय. सेशेल्सचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट जातां जातां सांगावयास हरकत नाहीं. साधूंच्या हातांत जो काळा, होडीच्या आकाराचा कमंडलु दिसतो, तो दर्याई नारळाच्या करवंटीचा असतो. हा नारळ सेशेल्सपैकीं प्रालँ आणि क्युरिअज या दोनच बेटांवर आपोआप उगवतो. पूर्वीं तो समुद्रांतून वाहत येई, आणि तो कोणत्या झाडाचा हें शतकानुशतकें कोणालाच ठाऊक नव्हतें. त्या झाडाच्या नरफुलांच्या हातभर लांब तुऱ्यांवर हिरव्या फेल्सुमा मध चाटीत बसलेल्या दिसतात. भारतांतल्या बैराग्याच्या कमंडलूचा आणि या पालींचा ऋणानुबंध असा जुना आहे.

एवढ्यावर या प्रजातीचा भूगोल संपला असता, तर त्यांत मोठेंसें आश्चर्य नव्हतें. परंतु तिची एक जाति हिंदी महासागराच्या अगदीं दुसऱ्या टोंकाला, आपल्या अंदमानांत आहे. भारतांत आढळणारी फेल्सुमाची ही एकच जाति. मराठी घरांना अंदमान परिचित आहे तें काळ्या पाण्यामुळें, सेल्युलर तुरुंगामुळें आणि सावरकरबंधूंच्या जन्मठेपेमुळें. १८५८ मध्यें इंग्रजांनीं तेथें बंदिवानांची वसाहत सुरू केली. तीनच वर्षांनीं, १८६१ मध्यें, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक एडवर्ड ब्लाइथ याचें या पालीचें वर्णन प्रसिद्ध झालें. तुरुंग आणि प्राणिशास्त्र हीं दोन्ही त्या बेटांवर एकाच गलबतांतून उतरलीं असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. ही पाल लांबीला सुमारें पांच इंच, रंगानें हिरवीगार, पाठीवर तांबडे ठिपके असलेली. नारळ, केळ, केवडा यांच्या पानांवर ती ऊन खात बसते, आणि बागेंतून घराच्या ओसरीपर्यंतहि येते.

मादागास्करपासून अंदमान तीन हजार मैलांहून अधिक दूर आहे. मधल्या भारतभूमींत फेल्सुमा नाहीं, सिंहलद्वीपांतहि नाहीं. मग ती तेथें पोंचली कशी? या प्रश्नाचें उत्तर तिच्या अंड्यांत शोधावें लागतें. मादी बहुधा दोन अंडीं घालते. प्रथम मऊ असलेलें कवच हवेंत कठीण होतें, आणि तें चुन्याचें असल्यामुळें आंतला ओलावा टिकून राहतो. कांहीं जाति हीं अंडीं झाडाच्या सालीला किंवा फटींत घट्ट चिकटवून टाकतात. असें एखादें झाड वादळांत उन्मळून समुद्रांत पडलें, प्रवाहाबरोबर वाहत गेलें, आणि अंड्यांतून जीव बाहेर येण्याच्या सुमारास दुसऱ्या कांठाला लागलें, तर वसाहत सुरू होऊं शकते. शीत रक्ताच्या प्राण्याला अन्नहि थोडें लागतें. उपाशीपोटीं पुष्कळ दिवस काढणें त्याला जमतें. असा योग शंभर वर्षांत येणार नाहीं, हजार वर्षांतहि येणार नाहीं; पण निसर्गाजवळ लक्षावधि वर्षांची शिल्लक असते. मॉरिशस बेट ज्वालामुखींतून वर आलें त्याला सुमारें ऐंशी लक्ष वर्षें झालीं. तें कोणत्याहि खंडाला कधींच जोडलेलें नव्हतें. म्हणजे तेथला प्रत्येक मूळचा जीव समुद्र ओलांडूनच आलेला आहे.

समुद्र ओलांडणें जितकें कठीण, तितकेंच परत फिरणें अशक्य. बेट म्हणजे चारी बाजूंनीं पाण्यानें वेढलेली जमीन, ही भूगोलाच्या पुस्तकांतली व्याख्या झाली. प्राण्याच्या दृष्टीनें, जेथून बाहेर पडतां येत नाहीं तें बेट. या अर्थानें सह्याद्रीच्या माथ्यावरहि बेटें आहेत. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर दगडांच्या आडोशाला राहणारी एक लहान पाल वरद गिरी व आरन बावर यांनीं २००८ मध्यें शास्त्राला नवीन म्हणून जाहीर केली आणि तिला साताऱ्याचें नांव दिलें. त्या पठारावर आज पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. रत्नागिरी जिल्ह्यांतील दोर्लें गांवच्या जांभ्या दगडाच्या सड्यावरची पांढऱ्या पट्ट्यांची पाल १९६३ मध्यें ग्रँडिसन व सोमण यांनीं प्रथम वर्णिली. भोंवतालचा समुद्र पाण्याचा असो कीं शेताडीचा व रानाचा असो, कोंडलेपणाचा परिणाम सारखाच. त्या एका जागेशीं जीव पूर्ण जुळून जातो, आणि त्या जागेपलीकडे त्याला जग राहत नाहीं.

मॉरिशसकडे वळण्यास मराठी श्रोत्यांना निराळें निमित्त नको. १९७५ च्या जानेवारींत नागपुरांत पहिलें विश्व हिंदी संमेलन भरलें, तेव्हां त्या चिमुकल्या देशाचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम येथें आले होते, हें कित्येक नागपूरकरांना स्मरत असेल. परंतु मराठी संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. १८३४ पासून हिंदी मजूर करारानें बांधून उसाच्या मळ्यांवर नेण्यांत येऊं लागले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतले मराठी लोक होते. त्यांचे वंशज आज तेथें राहतात, आणि गणेशचतुर्थीला त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. मराठी वस्ती ज्या भागांत विशेष आहे, त्यांत वाक्वा नांवाचें एक शहर आहे. 'वाक्वा' हें तेथल्या भाषेंत केवड्याच्या जातीच्या झाडांचें नांव. गणपतीला वाहावयाच्या पत्रींत केवड्याचें पान असतें. त्याच्याच भाऊबंदांच्या नांवाच्या गांवीं मराठी माणसानें गणपति बसवावा, हा योग मोठा गोड आहे.

आणि याच केवड्याच्या काटेरी, तरवारीसारख्या पानांच्या गाभ्यांत मॉरिशसच्या निळ्या शेंपटीच्या पालीचें घर असतें. फेल्सुमा सेपेडियाना हें तिचें नांव. मॉरिशसवर या प्रजातीच्या एकंदर पांच मूळच्या जाति आजहि हयात आहेत, आणि त्यांनीं बेट आपसांत वांटून घेतलें आहे असें दिसतें. ओलसर रानांत व बागांत ही निळ्या शेंपटीची. किनाऱ्याजवळच्या कोरड्या भागांत नांवाप्रमाणेंच नटवी अशी फेल्सुमा ऑर्नाटा. जुन्या वृक्षांच्या जंगलांत गिंबोच्या नांवाची एक. उंचावरच्या रानांत गुलाबी गळ्याची एक. आणि पांचवी उत्तरेकडच्या एका खडकाळ बेटावर, तिची कथा वेगळी आहे.

या पाली तेथें नुसत्या शोभेला नाहींत. मॉरिशसच्या रानांत कांहीं फुलें अशीं आहेत, कीं त्यांतला मध रंगीत असतो. जगांतल्या बहुतेक फुलांचा मध पाण्यासारखा नितळ; येथें मात्र तो पिंवळा, नारिंगी, किंवा रक्तासारखा तांबडा. हें कशासाठीं, याचा उलगडा वनस्पतिशास्त्रज्ञांना बराच काळ होत नव्हता. २००६ मध्यें हान्सेन व त्याच्या सहकाऱ्यांनीं एक साधा प्रयोग केला. कृत्रिम फुलें करून कांहींत बिनरंगी व कांहींत रंगीत मध भरला, आणि तीं पालींपुढें ठेवलीं. फेल्सुमा ऑर्नाटानें रंगीत मधाला पसंती दिली. दिवसा हिंडणारी, रंग ओळखणारी पाल हीच त्या फुलांची गिऱ्हाईक होती, आणि मधाचा रंग ही तिच्यासाठीं लावलेली दुकानाची पाटी होती. मॉरिशसनें १९९२ मध्यें आपलें राष्ट्रीय पुष्प म्हणून निवडलेलें त्रोकेशिया हें तांबडें फूल याच रंगीत मधाच्या वर्गांतलें. तें रानटी स्थितींत ल मॉर्न नांवाच्या एकाच डोंगरावर उरलें आहे.

पुढच्याच वर्षीं आणखी एक गोष्ट दिसून आली. याच त्रोकेशियाच्या दुसऱ्या एका जातीचीं जीं झुडपें केवड्याच्या दाट जाळीजवळ होतीं, त्यांना फळें अधिक धरत. जीं दूर होतीं, त्यांना कमी. कारण, पाल केवड्याचा आसरा सोडून फार लांब जाण्यास कचरते. तिच्यावर टपलेला शत्रु म्हणजे मॉरिशसचा ससाणा. त्याचें मुख्य भक्ष्यच या पाली. या ससाण्याचे १९७४ मध्यें रानांत अवघे चार पक्षी ठाऊक होते. नंतर मोठ्या प्रयत्नानें तो वांचविण्यांत आला. ससाणा, पाल, केवडा आणि फूल: एकाची दोरी दुसऱ्याच्या हातांत. रूसिया नांवाच्या एका वेलीची स्थिति तर याहूनहि नाजूक आहे. तिचें परागण करणारी आणि तिचें बीज पसरविणारी, दोन्ही कामें एकटी निळ्या शेंपटीची पालच करते. अशा वेलीच्या फुलांत बाहेरून आलेल्या पांढऱ्या पायांच्या मुंग्यांनीं ठाण मांडलें, आणि त्यांच्या त्रासानें पाली फुलांकडे फिरकेनाशा झाल्या, असें २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. मुंगीनें वेलीचें एक पानहि कुरतडलें नाहीं. नुसता पाहुणा अडविला, आणि वेलीचा वंश खुंटण्याची वेळ आली.

बाहेरून येणाऱ्यांनीं काय होतें, हें मॉरिशसच्या पूर्वेकडील रॉड्रिग्ज बेटानें याआधींच पाहिलें होतें. फ्रान्समधून धर्मच्छळामुळें परागंदा झालेला फ्रान्स्वा लगा हा गृहस्थ १६९१ मध्यें कांहीं सोबत्यांसह त्या निर्जन बेटावर उतरला आणि दोन वर्षें राहिला. तेथल्या पाली माणसाला मुळींच भीत नसत. या मंडळींच्या जेवणाच्या मेजावर येऊन त्या खरबुजें खात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. ज्या जीवानें माणूस पाहिलाच नाहीं, त्यानें त्याला भ्यावें तरी कशाला? पुढें वस्ती झाली, रानें तुटलीं, उंदीर आले, मांजरें आलीं. त्या बेटावर फेल्सुमाच्या दोन जाति होत्या. एक प्रचंड, सोळा इंचांच्या आसपास लांबीची. १८४२ मध्यें तिचें वर्णन छापलें गेलें, आणि त्यानंतर ती कोणाला जिवंत सांपडली नाहीं. दुसरी हिरवी व निळसर, एडवर्ड न्यूटनच्या नांवाची. तिचा अखेरचा नमुना १९१७ मधला. आज रॉड्रिग्जवर मूळची एकहि फेल्सुमा नाहीं. संग्रहालयांतल्या बाटल्या आणि गुहांतलीं हाडें एवढाच तिचा अवशेष. त्या अवशेषांतून आनुवंशिक द्रव्य मिळवून नष्ट व हयात जातींची वंशावळ जुळविण्याचें काम शास्त्रज्ञांनीं २००४ मध्यें प्रसिद्ध केलें. मेलेल्यांचें कुलवृत्त लिहिण्यांत माणूस नेहमींच तत्पर असतो.

मॉरिशसच्या उत्तरेस सुमारें चौदा मैलांवर राउंड आयलंड म्हणून सुमारें साडेपांचशें एकरांचा एक खडक समुद्रांतून वर आलेला आहे. वर उल्लेखिलेली पांचवी जाति, ग्युंथरची पाल, ही तेथली. लांबी फूटभर, आणि रंग मातकट. साऱ्या हिरव्या बहिणींत ही एकटीच साधी. पूर्वीं ती मॉरिशसवरहि होती. राउंड आयलंडवर उतरणें कठीण असल्यामुळें तेथें उंदीर कधींच पोंचला नाहीं, आणि केवळ त्या एका चुकामुकीमुळें ही पाल वांचली. परंतु एकोणिसाव्या शतकांत कोणीतरी तेथें शेळ्या व ससे सोडले होते. शेळी पाल खात नाहीं, ससाहि खात नाहीं. त्यांनीं झाडें खाल्लीं. झाडें गेल्यावर उतारावरची माती पावसानें धुवून नेली. ताडाच्या ज्या झाडांवर पाल राही, त्यांचीं रोपेंच वाढेनाशीं झालीं. १९७६ मध्यें जर्सी येथील प्राणिसंग्रहालयाचा संस्थापक जेरल्ड ड्यूरेल तेथें गेला. त्यानें आपल्या संस्थेकडे या पालींची पैदास सुरू करविली. १९७९ पर्यंत शेळ्या व १९८६ मध्यें ससे बेटावरून पूर्णपणें काढून टाकण्यांत आले. मग ताडांचीं रोपें पुन्हां उभीं राहूं लागलीं आणि पालींची संख्याहि वाढली. ससे व शेळ्या यांना मारण्यास विरोध करणारे दयाळु लोक तेव्हांहि होते. त्यांची दया खोटी नव्हती. पण ससा साऱ्या जगांत आहे, आणि ती पाल त्या खडकापलीकडे कोठेंच नव्हती.

आतां पुन्हां भिंतीवरच्या पालीकडे यावें लागतें. कारण या कथेंत तिचाहि भाग आहे, आणि तो गौण नाहीं. नागपूरच्या पिंवळसर पालीची एक अगदीं जवळची बहीण, हेमिडॅक्टिलस फ्रेनाटस, ही दक्षिण व आग्नेय आशियांतील घरपाल. माणसाच्या जहाजांतून ती हिंदी महासागराच्या व पॅसिफिकच्या बेटाबेटांवर पोंचली. मॉरिशसवर नॅक्टस नांवाच्या, रात्रीं हिंडणाऱ्या लहान पाली मूळच्या होत्या. त्यांच्या बोटांना चिकटणारे पडदे नाहींत. त्या खडकांच्या फटींत राहतात. घरपालीनें त्यांना त्या फटींतून हुसकून लावलें, हें २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्पष्ट दिसलें. मॉरिशसच्या मुख्य भूमीवर आज नॅक्टस उरलेली नाहीं. आसपासच्या बारक्या बेटांवर तेवढी ती तग धरून आहे. पॅसिफिकमधील बेटांवर १९९३ च्या सुमारास झालेल्या संशोधनानें आणखी एक मार्मिक गोष्ट दाखविली. तेथें घरपालीचा जय मुख्यतः दिव्याच्या उजेडांत होतो. दिव्यापाशीं किडे एकवटतात. ती मोठी, चपळ. ते ती भराभर खाऊन टाकते, आणि मूळच्या लहान पालीच्या वांट्याला कांहीं उरत नाहीं. दिवा माणसानें आपल्यासाठीं लावलेला असतो. त्यानें कोणाची उपासमार होईल हें त्याच्या स्वप्नींहि नसतें.

खुद्द फेल्सुमाहि या दोषापासून मुक्त नाहीं. मादागास्करची एक थोर, भडक हिरवी जाति हौशी लोक कांचेच्या पेटींत पाळतात. ती गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मॉरिशसवर सुटली, आणि तेथल्या लहान जातींना आतां तिचाच धोका झाला आहे; जेथें ती पसरते, तेथें त्या दिसेनाशा होतात. अंदमानी फेल्सुमासह या साऱ्या प्रजातीच्या देशोदेशींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानें निर्बंध आहेत; पण पाल ही खिशांत मावणारी वस्तु आहे, आणि अंडें तर त्याहूनहि लहान.

२५ जुलै २०२० रोजीं वाकाशियो नांवाचें एक मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळांत रुतलें. ऑगस्टमध्यें त्यांतून सुमारें एक हजार टन तेल समुद्रांत सांडलें. त्याच बाजूच्या बारक्या बेटांवर नॅक्टसची एक जाति आणि कांहीं सापसुरळ्या जीव धरून होत्या. घरपालीनें व उंदरांनीं मागें हटविलेल्यांची ती शेवटची जागा. तेल तेथपर्यंत पोंचलें, तर पुढें काय, याची वाट न पाहतां तेथील वन्यजीवरक्षक मंडळींनीं त्या पालींतल्या व सापसुरळ्यांतल्या कांहीं पकडल्या, पेट्यांत घातल्या, आणि पैदाशीसाठीं विमानानें जर्सीला रवाना केल्या. जर्सी हेंहि एक बेटच आहे. तेथें घरपाल नाहीं.